निर्धूर चूल, निर्मळ दिवा

मलकापूर हे वऱ्हाडचे पश्चिमद्वार होय. मुंबईहून नागपूरकडे जाणारी आगगाडी खानदेश मागे टाकून वऱ्हाडात प्रवेश करते, तेव्हा तिला लागणारे पहिले मोठे गाव हेच. नळगंगेच्या काठी वसलेल्या या गावाभोवती काळ्या, कसदार जमिनीचा विस्तार आहे आणि त्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकत आलेला आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटू लागतात, वेचणी सुरू होते आणि शेतोशेत पांढरे सोने दिसू लागते. हे सोने बाजारात जाते. जिनिंगमध्ये त्याची सरकी वेगळी होते, गाठी बांधल्या जातात आणि त्या दूरदूरच्या गिरण्यांकडे रवाना होतात. कापूस निघून गेल्यावर शेतात काय उरते, याचा मात्र आपण फारसा विचार करीत नाही.

शेतात उरते ती वाळलेली पऱ्हाटी. उन्हाळा लागण्यापूर्वी शेतकरी ती उपटून काढतो, तिच्या मोळ्या बांधतो आणि घराच्या परसात तिची गंजी रचतो. वऱ्हाडातील असंख्य घरांची चूल या पऱ्हाटीवर पेटत आली आहे. तिच्या जोडीला तुरीच्या तुराट्या, बाभळीची लाकडे आणि शेणाच्या गोवऱ्या असतात. एकाच झाडाने माणसाचे अंग झाकावे आणि त्याची भाकरीही भाजावी, ही केवढी उपकाराची गोष्ट! परंतु या उपकाराबरोबर एक शत्रूही घरात शिरतो. तो दाराने येत नाही. तो चुलीतूनच जन्म घेतो. त्याचे नाव धूर.

मुलांनो, धूर म्हणजे नेमके काय, हे प्रथम समजून घेऊ. लाकूड तापले म्हणजे त्यातून ज्वालाग्राही वायू बाहेर पडू लागतात. या वायूंना पुरेशी हवा व पुरेशी उष्णता मिळाली, तर ते पेट घेतात. त्यालाच आपण ज्वाळा म्हणतो. हवा अपुरी पडली किंवा सरपण ओले असले, तर हे वायू पूर्ण जळत नाहीत. काजळीच्या अतिसूक्ष्म कणांसह ते तसेच बाहेर पडतात. म्हणजे धूर हे अर्धवट जळलेले, वाया गेलेले सरपणच होय. म्हणूनच आजी फुंकणीने चूल फुंकते, तेव्हा धूर कमी होतो आणि ज्वाळा उसळते. कारण त्या फुंकरीने ज्वाळेला हवी असलेली हवा मिळते. साध्या चुलीत सरपणाच्या दहा भागांपैकी जेमतेम एखाददुसऱ्या भागाची उष्णता भांड्याला लागते. बाकीची घरात, भिंतींत आणि धुरात नाहीशी होते.

धुराने डोळे चुरचुरतात, एवढेच आपल्याला ठाऊक असते. पण त्यातील जे कण डोळ्यांना दिसतही नाहीत, ते अधिक घातक असतात. आपल्या डोक्याचा एक केस घेतला आणि त्याच्या जाडीचे सुमारे तीस भाग केले, तर त्यांतील एका भागाएवढा किंवा त्याहूनही लहान असा एकेक कण असतो. नाकातील केस त्याला अडवू शकत नाहीत. तो थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो. जो दररोज चार-पाच तास चुलीपाशी बसतो, त्याच्या फुप्फुसांत वर्षानुवर्षे असे कण साठत जातात. आणि चुलीपाशी कोण बसते? आई बसते, आजी बसते, आणि आईच्या मांडीवरचे किंवा पाठीशी खेळणारे तान्हे मूल बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे मरण पावली आणि त्यांत पाच वर्षांखालील बालकांची संख्या २ लाखांहून अधिक होती. युद्धाच्या बातम्या आपण रोज ऐकतो. परंतु स्वयंपाकघरात चाललेल्या या मूक संहाराचा आवाज कोणाच्या कानी पडत नाही.

हा आवाज ज्यांनी फार पूर्वीच ऐकला, अशी काही माणसे आपल्याच विदर्भात होती. मलकापुरात आगगाडीत बसावे आणि पूर्वेकडे निघावे. नांदुरा, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, पुलगाव अशी स्थानके मागे टाकीत गाडी वर्ध्याला पोहोचते. या वर्ध्यात इ. स. १९३४ च्या डिसेंबरमध्ये महात्मा गांधींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी आपली एक बाग संघाला दिली. गांधीजींचे निष्ठावंत सहकारी मगनलाल गांधी १९२८ मध्ये निवर्तले होते; त्यांच्या स्मरणार्थ त्या जागेला ‘मगनवाडी’ असे नाव देण्यात आले. संघाचे कार्य सांभाळण्यासाठी जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा पुढे आले. त्यांनी लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेतले होते आणि न्यूयॉर्कमध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास केला होता. मुंबईत त्यांचा उत्तम व्यवसाय चालला होता. तो सोडून हा विद्वान मनुष्य वर्ध्यात तेलघाणी, हातकागद, मधमाश्या आणि चूल यांचा विचार करीत बसला.

कुमारप्पांनी निसर्गातील संपत्तीचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक साठ्याची संपत्ती आणि दुसरी प्रवाहाची संपत्ती. दगडी कोळसा व खनिज तेल ही साठ्याची संपत्ती होय. धान्याच्या कणगीतून रोज पायलीभर काढीत राहिलो आणि तीत भर घातली नाही, तर एक दिवस कणगी रिकामी होणारच. तसेच या साठ्याचे आहे. त्यासाठी राष्ट्राराष्ट्रांत भांडणेही होतात. ऊन, वारा, वाहते पाणी, दरवर्षी पुन्हा उगवणारी झाडे व पिके ही प्रवाहाची संपत्ती. ती बेताने वापरली, तर संपत नाही. माणसाने शक्य तितके प्रवाहाच्या संपत्तीवर जगावे, असे कुमारप्पांचे सांगणे होते. आज सारे जग ज्या ‘स्वच्छ ऊर्जे’ची चर्चा करीत आहे, तिचे मर्म या वर्ध्याच्या शिकवणीत आधीच आलेले आहे.

मगनवाडीत हा विचार कागदावर राहिला नाही. त्या काळी खेड्यापाड्यांत कंदिलासाठी रॉकेल लागे आणि ते परदेशांतून येई. गावच्या घाणीवर निघणाऱ्या तेलावर जळणारा एक कंदील मगनवाडीत तयार झाला. त्याला ‘मगनदीप’ म्हणत. तेथेच पुढे ‘मगनचूल’ नावाची निर्धूर चूलही सिद्ध झाली. तिची रचना समजण्यासारखी आहे. आपल्या जुन्या चुलीला शेजारी एक वैल असतो. मुख्य चुलीवर भाकरी होत असता, निघून जाणाऱ्या उष्णतेवर वैलावर वरण शिजत राहते. मगनचुलीत हीच युक्ती पुढे नेली आहे. सरपण घालण्यासाठी एकच तोंड, भांडी ठेवण्यासाठी ओळीने भोके आणि शेवटी छपराबाहेर जाणारे धुराडे. तापलेला वायू एका भांड्याखालून दुसऱ्या भांड्याखाली जातो, आपली उष्णता देऊन टाकतो आणि मग धुराड्यातून वर निघून जातो. साहित्य म्हणावे तर माती, भुसा आणि थोडे खापर. कोणाही घरी ही चूल घालता येण्यासारखी होती.

मुलांनो, येथवर वाचून तुम्हांला वाटेल की, प्रश्न सुटला. उत्तम चूल तयार झाली. ती घरोघर वाटली की काम संपले. देशालाही एके काळी तसेच वाटले होते. इ. स. १९८३ पासून सरकारने सुधारित चुलींचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. सुमारे वीस वर्षांत तीन कोटींहून अधिक चुली देशभर बसविण्यात आल्या आणि २००२ मध्ये तो कार्यक्रम थांबला. या चुलींपैकी पुष्कळशा थोड्याच काळात मोडकळीस आल्या. कोठे धुराड्यात काजळी साठली आणि ती काढण्याचे कोणाला शिकविलेच नव्हते. कोठे चुलीची भोके घरातील भांड्यांच्या मापाची नव्हती. कोठे चुलीला तडा गेला आणि दुरुस्त करणारा गवंडी पुन्हा फिरकलाच नाही. चूल बसविणाऱ्याने आकडा मोजला. परंतु जिने त्या चुलीवर तीस वर्षे स्वयंपाक केला होता, तिला कोणी एक शब्दही विचारला नव्हता.

देणाऱ्याचा हेतू शुद्ध असला, तरी देणगी फुकट जाऊ शकते. मग देणे कसे असावे? याचे उत्तर मराठवाड्यातील स्त्रियांनी शोधले आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भयंकर भूकंप झाला. आदल्याच दिवशी लोकांनी गणपतीचे विसर्जन केले होते. दगडमातीची घरे कोसळून हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्यानंतर घरे पुन्हा बांधण्याचे प्रचंड काम सुरू झाले. या कामात गावोगावच्या स्त्रियांनी ‘संवाद सहायक’ म्हणून भाग घेतला. घर कसे हवे, चूल कोठे हवी, हे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले आणि भूकंपात टिकणारे बांधकाम कसे असते, ते गावकऱ्यांना समजावून दिले. या कार्यातून ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही संस्था उभी राहिली. प्रेमा गोपालन या तिच्या संस्थापक होत.

घर उभारणाऱ्या स्त्रियांनी पुढे चुलीकडे व दिव्याकडे लक्ष वळविले. संस्थेने सुधारित चुली आणि सौर कंदील घरोघर फुकट वाटले नाहीत. गावातील स्त्रियांनाच तिने प्रशिक्षण दिले. चूल कशी पेटते, दिवा कसा दुरुस्त करावा, हिशेब कसा ठेवावा, हे त्या शिकल्या. नवी चूल आली की, आधी त्या स्वतःच्या घरी तिच्यावर भाकरी भाजून पाहत. भाकरीला नीट पापुद्रा येत नसेल, तर तसे स्पष्ट सांगत. मगच ती चूल शेजारणीच्या घरी जाई. विक्रीतून त्यांना चार पैसे मिळत; आणि चूल बिघडली तर दुरुस्त करणारी बाई त्याच आळीत राहत असे. कालपर्यंत जिच्याकडे मदत घेणारी म्हणून पाहिले जाई, तीच आता मदत देणारी झाली. या कार्याची दखल संयुक्त राष्ट्रांनी घेतली आणि २०१६ मध्ये मोरोक्को देशातील मराकेश येथे भरलेल्या हवामान परिषदेच्या वेळी संस्थेला गौरविले.

तथापि मार्ग सर्वत्र सरळ नव्हता. एका सुधारित चुलीला टाकाऊ शेतमालाच्या आवळून केलेल्या गोळ्या लागत. ती चूल लाखो घरांत गेली. पुढे गोळ्यांची किंमत वाढली, त्या वेळेवर मिळेनाशा झाल्या आणि अनेक घरांत ती चूल माळ्यावर जाऊन पडली. चूल चांगली असून भागत नाही. तिचे इंधनही परवडणारे व हाताशी असावे लागते. स्वयंपाकाच्या गॅसचेही तसेच आहे. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे कोट्यवधी गरीब घरांत गॅसची शेगडी आली, ही मोठीच गोष्ट घडली. तरीही टाकी संपली आणि गाठीला पैसे नसले म्हणजे पुन्हा परसातील पऱ्हाटी आठवते.

आपल्या घराजवळच तयार होणारा, धूर न करणारा वायू मिळाला, तर? असा वायू आहे; तो म्हणजे गोबरगॅस. शेण आणि पाणी कालवून हवाबंद विहिरीत सोडले असता, हवेवाचून जगणारे सूक्ष्मजीव ते कुजवितात आणि त्यातून मिथेन नावाचा ज्वलनशील वायू निघतो. तो निळसर ज्योतीने जळतो व भांड्याला काजळी धरत नाही. शिवाय खाली उरलेला राडा उत्तम खत असतो. गोवरी जाळली तर खत गेले. गॅस केला तर गॅसही मिळाला आणि खतही राहिले. १९५१ च्या सुमारास जशभाई पटेल यांनी यासाठी तरंगत्या टोपणाचे संयंत्र तयार केले. ग्रामोद्योग संघाच्या कार्याचा वारसा पुढे ज्या खादी व ग्रामोद्योग आयोगाकडे आला, त्या आयोगाने या संयंत्राचा देशभर प्रसार केला.

पण यालाही एक अडचण होती. एक किलो शेणापासून साधारण चाळीस लिटर गॅस मिळतो. पाच-सहा माणसांच्या स्वयंपाकाला रोज जवळजवळ पन्नास किलो शेण हवे. ज्याच्या दाराशी एकही गुरू नाही, त्या मजुराने काय करावे? पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी या प्रश्नाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नातू आणि लेखिका इरावती कर्वे यांचे पुत्र. ग्रामीण तंत्रज्ञानासाठी १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘अप्रोप्रिएट रुरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट’ या संस्थेचे ते अध्वर्यू. संस्थेला संक्षेपाने ‘आरती’ म्हणतात. डॉ. कर्वे यांनी विचार केला: शेण म्हणजे गाईने पचवून उरलेला चोथा. त्यातील सत्त्व गाईने आधीच घेतलेले असते. मग सूक्ष्मजीवांना हा चोथा खाऊ घालण्यापेक्षा सत्त्वयुक्त अन्नच का देऊ नये? खराब झालेले धान्य, गिरणीत सांडलेले पीठ, शिळे अन्न, नासलेली फळे, अखाद्य बियांची पेंड असे पदार्थ त्यांनी वापरून पाहिले. दोन किलोंच्या आसपास असा माल रोज घातला, तरी स्वयंपाकास उपयोगी पडेल इतका गॅस मिळू लागला. आणि शेणाला आठवडे लागतात, तेथे हे काम एक-दोन दिवसांत होऊ लागले.

संयंत्रही अगदी साधे आहे. प्लास्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या घ्यावयाच्या. एक हजार लिटरची, दुसरी साडेसातशे लिटरची. लहान टाकी मोठीत पालथी बसवावयाची. गॅस तयार झाला की, वरची टाकी हळूहळू उचलली जाते. गॅस वापरला की, ती खाली बसते. किती गॅस शिल्लक आहे, हे लहान मुलालाही दुरून दिसते. या शोधासाठी संस्थेला २००६ मध्ये इंग्लंडमधील ‘ॲश्डेन’ पुरस्कार मिळाला. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या कामासाठी तोच पुरस्कार तिला २००२ मध्येही मिळाला होता. ज्याला आपण टाकाऊ म्हणतो, त्यात किती शक्ती दडलेली असते, हे या संस्थेने दाखवून दिले.

चुलीची गोष्ट झाली. आता दिव्याकडे वळू. संध्याकाळी रॉकेलच्या चिमणीच्या मिणमिणत्या उजेडात ज्यांनी अभ्यास केला, अशी माणसे तुमच्या घरात अजूनही असतील. त्यांना विचारा. ती सांगतील की, सकाळी नाक शिंकरले तर काळे निघे आणि वाऱ्याची झुळूक आली की पाढे अंधारातच म्हणावे लागत. मोठ्या गावांत विजेच्या तारा आल्या, तरी डोंगरातील वाड्या-वस्त्यांना पुष्कळ दिवस थांबावे लागले. दहा-वीस घरांसाठी दऱ्याखोऱ्यांतून खांब न्यावयाचे, म्हणजे खर्च फार आणि लाभ थोडा, असा हिशेब होई.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात दरेवाडी नावाची अशीच एक डोंगरवस्ती आहे. तेथे सुमारे चाळीस घरे. २०१२ मध्ये पुण्याच्या ‘ग्राम ऊर्जा’ या उद्योगाने बॉश या जर्मन उद्योगसमूहाच्या आर्थिक साहाय्याने या वस्तीसाठी सुमारे साडेनऊ किलोवॅट शक्तीचे सौर वीजकेंद्र उभारले. सिलिकनच्या पातळ चकत्यांवर सूर्यप्रकाश पडला की वीज निर्माण होते. ती मोठ्या घटांत, म्हणजे बॅटऱ्यांत, साठविली जाते आणि रात्री तारांवाटे घरोघर पोहोचते. या केंद्रात धूर नाही, राख नाही, आवाज नाही.

दरेवाडीची खरी थोरवी मात्र यंत्रात नसून व्यवस्थेत आहे. वीजकेंद्रासाठी वस्तीने स्वतःचा न्यास स्थापन केला. घरोघर मीटर बसले. जो जितकी वीज वापरील, त्याने तितके पैसे द्यावयाचे आणि ते पैसे न्यासाकडे जमा करावयाचे, असे ठरले. तुम्ही म्हणाल, गरिबांकडून पैसे कशाला घ्यावयाचे? त्याचे कारण असे की, बॅटरी ही काही वर्षांनी निकामी होते. त्या वेळी नवी घेण्यास पैसा कोठून आणावयाचा? पुन्हा कोणा दात्याच्या दारी जावयाचे काय? फुकट मिळालेला दिवा विझला की, लोक दात्याची वाट पाहत बसतात. स्वतःच्या पैशाने चालणारा दिवा विझला, तर लोक उठतात, दोष शोधतात आणि तो पुन्हा लावतात.

मगनवाडी, लातूर, पुणे आणि दरेवाडी ही स्थळे एकमेकांपासून दूर आहेत आणि त्यांच्या कामांतही जवळजवळ ऐंशी वर्षांचे अंतर आहे. तरी त्यांच्यातून एकच धडा निघतो. सेवा करणाऱ्याने प्रथम ऐकावे, मग शिकवावे आणि शेवटी बाजूस सरावे. विहीर खणून द्यावी, पण रहाट ओढण्याचा अधिकार व कर्तव्य गावाकडेच राहू द्यावे. जी मदत माणसाला कायमचा याचक करते, ती अपुरी मदत होय. जी त्याला आपल्या पायांवर उभे करते आणि उद्या दुसऱ्याला हात देण्यास समर्थ करते, तीच पूर्ण सेवा.

आता पुन्हा मलकापूरच्या शेताकडे पाहा. त्या परसातील पऱ्हाटीच्या गंजीत पुढच्या हंगामापर्यंत गुलाबी बोंडअळी दडून राहते, म्हणून ती तशीच साठवू नये, असे कृषितज्ज्ञ सांगतात. याच पऱ्हाटीचा भुगा करून तो यंत्रात दाबला, तर त्याचे कठीण ठोकळे तयार होतात. व्यवहारात त्यांना ‘पांढरा कोळसा’ म्हणतात आणि कारखान्यांच्या भट्ट्यांत तो जाळला जातो. ऊन तर वऱ्हाडाला इतके लाभले आहे की, वैशाखात ते नको नको होते. गोठ्यात शेण आहे, गिरणीत सांडलेले पीठ आहे, बाजारात नासलेली फळे आहेत. प्रवाहाची संपत्ती आपल्या दाराशी वाहत आहे. तिला वळण लावणारी बुद्धी, शेजाऱ्याचे ऐकून घेणारे कान आणि हाती घेतलेले काम तडीस नेणारे हात, एवढेच काय ते हवे आहेत. ती बुद्धी, ते कान आणि ते हात उद्या तुमचेच असतील.

शब्दार्थ

पश्चिमद्वार – पश्चिमेकडील प्रवेशाचे ठिकाण
पऱ्हाटी – कपाशीचे झाड; त्याच्या वाळलेल्या काड्या
गंजी – रचून ठेवलेला ढीग
संहार – नाश, सामूहिक मृत्यू
निवर्तणे – मरण पावणे
वैल – मुख्य चुलीच्या उष्णतेवर चालणारी शेजारची लहान चूल
अध्वर्यू – कार्यात पुढाकार घेऊन ते चालविणारा
न्यास – विश्वस्तांनी चालविलेली संस्था
याचक – मागणारा
तडीस नेणे – शेवटपर्यंत पार पाडणे

स्वाध्याय

१. ‘धूर हे वाया गेलेले सरपणच होय’ असे का म्हटले आहे?

२. साठ्याची संपत्ती व प्रवाहाची संपत्ती यांतील फरक सांगा. पुढील गोष्टींची त्या दोन प्रकारांत विभागणी करा: ऊन, दगडी कोळसा, वारा, खनिज तेल, पऱ्हाटी, वाहते पाणी.

३. देशभर बसविलेल्या पुष्कळशा सुधारित चुली का टिकल्या नाहीत? ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ संस्थेने कोणती वेगळी रीत अवलंबिली?

४. शेणाऐवजी खराब धान्य किंवा नासलेली फळे वापरण्याची कल्पना डॉ. आनंद कर्वे यांना कोणत्या विचारातून सुचली?

५. दरेवाडीच्या लोकांनी विजेचे पैसे देणे योग्य आहे काय? तुमचे मत कारणे देऊन सात-आठ ओळींत लिहा.

६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा: दखल घेणे, मोडकळीस येणे, गाठीला पैसे नसणे, तडीस नेणे.

७. उपक्रम: तुमच्या घरी किंवा शेजारी स्वयंपाकासाठी कोणकोणते इंधन वापरतात, ते रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला विचारा. प्रत्येक इंधनाची सोय व अडचण तिच्याच शब्दांत लिहून आणा आणि वर्गात वाचून दाखवा.